तीस मिलिग्रॅम आणि दोन तास

मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम २०२ला एक लहानसं परंतुक जोडलेलं आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पोलिसांनी एखाद्याला अटक केली, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून त्याची तपासणी झाली पाहिजे. नाही झाली, तर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. मद्यपी चालकाच्या शिक्षेबद्दल बोलताना आपण दंडाची रक्कम आणि तुरुंगाचे महिने मोजतो. खटल्याचा निकाल मात्र बहुतेक वेळा या पहिल्या दोन तासांतच लागलेला असतो, कारण या गुन्ह्याचा मुख्य पुरावा आरोपीच्या शरीरात असतो आणि तो मिनिटागणिक नाहीसा होत असतो.

कायद्यानं आखलेली रेघ अशी आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की कलम १८५चा गुन्हा झाला. गाडी कुणाला धडकली पाहिजे, चालक झोकांड्या खात असला पाहिजे, अशी काही अट नाही. गाडी चालवण्याचा प्रयत्न केला तरी पुरतं. म्हणजे स्कूटर सुरू करून ती स्टँडवरून काढणाराही यात येतो. ही रेघ पहिल्यापासून इथेच नव्हती. १९३९च्या जुन्या कायद्यात चालकाचा गाडीवरचा ताबा सुटण्याइतकी नशा आहे हे सिद्ध करावं लागे आणि तिथेच खटले पडत. १९८८च्या कायद्यानं दुसरं टोक गाठलं: रक्तात मद्य कितीही अल्प असलं तरी गुन्हा. १९९४च्या दुरुस्तीनं ३० मिलिग्रॅमचा आकडा आला आणि तो आजही आहे. इंग्लंडमध्ये १९६७ सालापासून ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. स्कॉटलंडनं २०१४ साली ती ५०वर आणली. त्या मानानं आपला आकडा बराच कडक आहे, आणि माझ्या मते तो योग्य आहे.

३० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात किती? आपल्याकडची व्हिस्की किंवा रम साधारण ४२.८ टक्क्यांची असते. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ७० किलो वजनाच्या पुरुषानं तो रिकाम्या पोटी घेतला, तर त्याच्या रक्तातलं प्रमाण ढोबळमानानं ४० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. मर्यादा एका पेगमध्येच ओलांडली. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली याच्या दुप्पट भरते. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेनं कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूनं तिच्या रक्तातला आकडा आणखी वर जातो. ‘दोनच घेतलेत, मी अगदी ठीक आहे’ हे वाक्य बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच ठीक वाटत असतं. कायदा त्याला काय वाटतं हे विचारतच नाही.

उतरण्याचा वेग मात्र कुणाच्या हातात नाही. यकृत तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमच्या हिशेबानं मद्यार्क फोडतं. कुणाचं १०, कुणाचं २०. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी यांतल्या कशानंही तो वेग वाढत नाही. रात्री एक वाजता रक्तात १५० मिलिग्रॅम घेऊन झोपलेला माणूस सकाळी आठला आंघोळ करून, नाश्ता करून कामावर निघतो, तेव्हाही त्याच्या रक्तात ४५ मिलिग्रॅमच्या आसपास असू शकतात. तो स्वतःला शुद्धीवर समजतो, पण कायद्याच्या लेखी तो अजून मद्यपी चालक आहे.

नाकाबंदीत फुंकर मारायला सांगतात ते यंत्र रक्त मोजत नाही. फुप्फुसांच्या तळातून येणाऱ्या हवेतला मद्यार्क मोजून त्यावरून ते रक्तातला आकडा काढतं. रक्तातलं प्रमाण त्या हवेतल्या प्रमाणाच्या सुमारे २,१०० पट असतं, या ठोकताळ्यावर ते बांधलेलं आहे. हवा खोलवरून येते म्हणून वेलदोडा, बडीशेप, मिंटची गोळी यांनी फक्त वास झाकला जातो, आकडा तोच राहतो. उलट नुकतंच मद्यार्क असलेलं माउथवॉश वापरलं असेल तर तोंडातल्या अंशानं यंत्र काही मिनिटं जास्त दाखवू शकतं. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा चाचणी घेतली की खरं काय ते कळतं. अशी शंका असेल तर तिथेच पुन्हा चाचणी मागावी.

फुंकर मारायला नकार दिला तर? कलम २०३नुसार दारूचा संशय घ्यायला जागा असेल तर गणवेशातला पोलीस विनावॉरंट अटक करू शकतो, आणि पोलीस ठाण्यातून डॉक्टरकडे नेऊन कलम २०४खाली रक्ताचा नमुना घेता येतो. बाईचा नमुना महिला डॉक्टरनं किंवा एखाद्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यावा लागतो, मग ती स्त्री डॉक्टर असो वा नसो. सबळ कारण नसताना दिलेला नकार पुढे खटल्यात चालकाविरुद्ध धरता येतो, ही तरतूद कलम २०५मध्ये आहे. त्यामुळे नकार देऊन सुटका होते ही समजूत चुकीची आहे. गांजा, गोळ्या किंवा इतर अमली पदार्थांसाठी मात्र मिलिग्रॅमचा आकडाच नाही. तिथे कायद्याला अजूनही गाडीवर ताबा ठेवता न येण्याइतका अंमल दाखवावा लागतो, आणि नाक्यावरच्या हवालदाराकडे त्यासाठी यंत्र नसतं. ही कायद्यातली खरी फट आहे.

आता शिक्षा. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या आणि पुढच्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच तो ‘दुसरा’ धरला जाई. ती सवलत गेली. दहा वर्षांपूर्वीचा गुन्हाही आता मोजता येतो.

पुण्यातल्या पुष्कळांचा समज असा दिसतो की हेल्मेट किंवा सिग्नलच्या चलनासारखंच हे एक मोठं चलन आहे. पैसे भरले, विषय संपला. तसं नाही. हेल्मेटच्या गुन्ह्यात तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवता येतं, कारण कलम २००च्या यादीत तो गुन्हा आहे. कलम १८५ त्या यादीत नाही. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहावं लागतं, आणि ‘गुन्हा कबूल’ म्हणून दहा हजार भरणारा माणूस त्या क्षणी फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेला असतो. हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणाऱ्या तरुणाला ही ओळ पुढे कुठल्यातरी पडताळणी अर्जात भेटते: आपल्याला कधी शिक्षा झाली आहे काय? वकिलाला न विचारता, घाईनं, त्या दिवशीची रजा वाचवायची म्हणून दिलेल्या कबुलीची किंमत त्याला तेव्हा कळते.

तरीही माझं ठाम मत आहे की या कायद्यातली सगळ्यात परिणामकारक शिक्षा दंडाची नाही आणि तुरुंगाचीही नाही. ती लायसन्सची आहे. तुरुंगाची शिक्षा पहिल्या गुन्ह्याला क्वचितच होते. दहा हजार रुपये कुणाला महिन्याचा पगार असतो, तर कुणाला एका रात्रीच्या बिलापेक्षा कमी. लायसन्स मात्र गरीब-श्रीमंत सगळ्यांचं तीन महिन्यांसाठी सारखंच जातं.

हे कसं घडतं ते नीट समजून घ्यायला हवं. कलम २०६च्या चौथ्या पोटकलमानुसार, कलम १८५चा गुन्हा झाला असं वाटायला कारण असेल तर पोलिसानं लायसन्स जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे, पाठवायचं असतं. बदल्यात पोच मिळते. इतर प्रकरणांत अशा पोचेवर गाडी चालवता येते. इथे कायद्यानं स्पष्ट लिहिलं आहे की लायसन्स परत मिळेपर्यंत ही पोच गाडी चालवण्याचा अधिकार देत नाही. पुढे कलम १९खाली आरटीओ चालकाला म्हणणं मांडण्याची संधी देतो आणि समाधान झालं की पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांची अपात्रता, दुसऱ्याला थेट लायसन्स रद्द. तीन महिने संपले म्हणून लायसन्स आपोआप हातात येत नाही. त्याआधी चालकानं उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. आदेश चुकीचा वाटला तर तीस दिवसांत अपील करता येतं. हे सगळं न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता होऊ शकतं, हीच या तरतुदीची ताकद. आणि अपात्र असताना गाडी चालवताना सापडलं तर कलम १८२खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या, सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ सालीच राज्यांना सांगितलं होतं की मद्यपी चालकाचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. म्हणजे २०१९च्या दुरुस्तीआधीही रस्ता मोकळा होता. अडते ते पोलीस ठाणं आणि संगम पुलाजवळचं आरटीओ कार्यालय यांच्यामधल्या कागदाच्या प्रवासात. लायसन्स जप्त झालं नाही, प्रस्ताव गेला नाही, सुनावणीची तारीख लागली नाही, की सगळ्यात प्रभावी शिक्षा कायद्याच्या पुस्तकातच राहते. ३१ डिसेंबरच्या रात्री किती जण पकडले, हा आकडा दर वर्षी वर्तमानपत्रांत येतो. त्यांतल्या किती जणांचं लायसन्स मार्चपर्यंत निलंबित झालं, हा प्रश्न पुणेकरांनी दर वर्षी विचारायला हवा.

१९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये जे घडलं, त्यात निलंबित करायला लायसन्सच नव्हतं. पहाटे अडीचच्या सुमारास एका पोर्शे गाडीनं मोटारसायकलला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवत होता तो सतरा वर्षांचा मुलगा, मुंढव्याच्या भागात दारू पिऊन निघालेला. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आणि बाकी मद्यासाठी २५. गाडीची पक्की नोंदणीही झाली नव्हती. परिवहन खात्यानं सांगितलं की १,७५८ रुपये शुल्क भरायचं राहिलं होतं. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. देशभर संताप उसळला तो त्या निबंधावर.

तो संताप मला पूर्ण समजतो. पण कायद्याच्या दृष्टीनं त्या दिवसातली सर्वांत गंभीर गोष्ट निबंध नव्हती, घड्याळ होतं. अपघात अडीचला. ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना घेतला गेला तो सकाळी अकराच्या सुमारास, असं तपासात पुढे आलं. मधे साडेआठ तास. तासाला १५ मिलिग्रॅम हा सरासरी हिशेब धरला तर एवढ्या वेळात सव्वाशे मिलिग्रॅम मद्यार्क शरीरातून जाऊ शकतो. म्हणजे मर्यादेच्या चौपट दारू प्यायलेला माणूसही अकरा वाजता कोरा दिसू शकतो. आणि पोलिसांचा आरोप असा की तो उशिरा घेतलेला नमुनाही खरा राहू दिला नाही. मुलाच्या रक्ताच्या जागी त्याच्या आईचं रक्त ठेवलं गेलं, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. औंधच्या जिल्हा रुग्णालयात दुसरा नमुना घेतलेला होता; त्याचा डीएनए वडिलांशी जुळला आणि ससूनच्या नमुन्याशी जुळला नाही, तेव्हा हे उघड झालं. २७ मे रोजी ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. घटनेची खबर नियंत्रण कक्षाला वेळेत दिली नाही म्हणून येरवडा पोलीस ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. या आरोपांचा निवाडा न्यायालयात व्हायचा आहे. पण रक्ताच्या एका कुपीवर किती काही अवलंबून असतं, हे पुण्यानं त्या आठवड्यात पाहिलं.

त्या कुपीचे नियम साधे आहेत, आणि प्रत्येक नियमामागे कधीतरी पडलेला खटला आहे. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटनं पुसायची नाही, नाहीतर आरोपीचा वकील म्हणणार की मद्यार्क कापसातला. कुपीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर जंतूंमुळे रक्त कुजून आकडा बदलतो. सील, सही, वेळ, कुणी कुणाच्या हातात दिली याची नोंद. सर्वोच्च न्यायालयानं १९७१ सालीच बच्चूभाई करयानी यांच्या, महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यात सांगितलं होतं की तोंडाला वास, अडखळती चाल आणि मोठी झालेली बुबुळं एवढ्यावर, रक्ततपासणी नसताना, माणूस नशेत होता असं धरता येणार नाही.

मृत्यू झाला की कलम १८५ मागे पडतं आणि मोठा वाद सुरू होतो: हा निष्काळजीपणा की सदोष मनुष्यवध? कल्याणीनगरची घटना १ जुलै २०२४च्या सहा आठवडे आधीची, म्हणून तिला जुनी भारतीय दंड संहिता लागू. तिच्यात निष्काळजीपणे मृत्यू घडवण्याला, कलम ३०४-अ, कमाल २ वर्षं. आणि सदोष मनुष्यवधाच्या कलम ३०४च्या दुसऱ्या भागात १० वर्षांपर्यंत. आता भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाचं कलम १०६ आहे आणि कमाल शिक्षा ५ वर्षं. सदोष मनुष्यवध कलम १०५मध्ये. दोन्हींमधला फरक जाणिवेचा. माझ्या कृतीनं जीव जाऊ शकतो हे आरोपीला ठाऊक होतं का?

या प्रश्नाला उत्तर मुंबईच्या कार्टर रोडनं दिलं. १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे वांद्र्याच्या फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सात जण मेले. चालक अ‍ॅलिस्टर परेरा याच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम मद्यार्क होता. सत्र न्यायालयानं निष्काळजीपणा मानून ६ महिने दिले. २००७मध्ये उच्च न्यायालयानं कलम ३०४चा दुसरा भाग लावून ३ वर्षं केली, आणि जानेवारी २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. पिऊन भरधाव गाडी चालवणाऱ्याला परिणामांची जाणीव असते, असं धरता येतं हे त्यातून पक्कं झालं. सात जिवांसाठी तीन वर्षं फार कमी आहेत असंही न्यायालयाला वाटलं, पण शिक्षा वाढवावी म्हणून राज्य सरकारनं अपीलच केलं नव्हतं.

कल्याणीनगरच्या मुलाला प्रौढ मानून खटला चालवावा हा पोलिसांचा अर्ज बाल न्याय मंडळानं १५ जुलै २०२५ रोजी फेटाळला. लोकांना तो अन्याय वाटला. पण बाल न्याय कायद्यात प्रौढ म्हणून खटला चालवण्याचं दार फक्त अशा गुन्ह्यांसाठी उघडतं ज्यांची किमान शिक्षा सात वर्षं आहे, आणि २०२०च्या शिल्पा मित्तल निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही अट काटेकोर वाचली. तोही खटला दिल्लीतल्या अल्पवयीन चालकाच्या मर्सिडीजचाच होता. जुन्या कलम ३०४मध्ये किमान शिक्षा नाहीच. बदल हवा असेल तर तो संसदेत मागायला हवा, मंडळाच्या दारात नव्हे.

तोवर मोटार वाहन कायद्यात एक कलम आहे ते पालकांसाठी: १९९-अ. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. परिवहन खात्यानं कल्याणीनगरच्या प्रकरणात हेच जाहीर केलं. मुलाला दारू देणाऱ्यासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम ७७मध्ये ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. पुण्यात शिकवणीला स्कूटरवरून जाणारी दहावी-अकरावीची मुलं रोज दिसतात. त्यांच्या आईवडिलांपैकी फार थोड्यांना १९९-अ माहीत आहे.

कल्याणीनगरच्याच वर्षी, २०२४मध्ये, २२ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून डंपर गेला. तिघे मेले, त्यांत दोन लहान मुलं. चालक प्यायलेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. तिथे परदेशी गाडी नव्हती, बिल्डरचा मुलगा नव्हता, आणि देशभरच्या वाहिन्या आठवडाभर थांबल्या नाहीत. मेलेल्यांच्या बाजूनं पाहिलं तर दोन्ही रात्रींत काही फरक नाही.

राहिला विम्याचा मुद्दा, कारण अनेक घरं इथेच मोडतात. पिऊन चालवलेल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे विमा कंपनी देत नाही. पॉलिसीतच तसं लिहिलेलं असतं. डिसेंबर २००७मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ आपटलेली गाडीही पोर्शेच होती. त्या प्रकरणात एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विमा कंपनीच्या बाजूनं निकाल दिला आणि सांगितलं की फुंकर चाचणी किंवा रक्ततपासणी नसली तरी चालक नशेत होता हे कंपनी इतर पुराव्यांनी दाखवू शकते. म्हणजे फौजदारी खटल्यात जो पुरावा कमी पडतो तो विम्याच्या दाव्यात पुरेसा ठरू शकतो. मेलेल्याच्या किंवा जखमीच्या कुटुंबाला मोटार अपघात दावे न्यायाधिकरणातून भरपाई मिळवता येते, आणि अनेक प्रकरणांत न्यायालयं कंपनीला आधी पैसे देऊन ते गाडीच्या मालकाकडून वसूल करायला सांगतात. मिळवत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखांत, कधी कोटीत जाते. मालक आणि चालक एकच असेल तर ती वसुली त्याच्या घरावर येते.

आणि गाडी दुसऱ्याची असेल, तर कलम १८८ वाचावं. मद्यपी चालकाला गाडी चालवायला प्रवृत्त करणाऱ्यालाही कलम १८५चीच शिक्षा आहे. ‘तूच सोड आम्हाला, तुला कुठे चढलीय’ म्हणत मित्राच्या हातात किल्ली देणारा, आणि रात्री बारा वाजता पिऊन बसलेल्या ड्रायव्हरला ‘काढ गाडी’ सांगणारा मालक, दोघंही या कलमाच्या कक्षेत येतात.